फ्रीजचं बटण

"दादा, बर्फात घालून द्या, घर लांब आहे."

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या मेडिकलवर मे-जूनच्या सुमारास हे वाक्य हमखास कानावर पडतं. हातात बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, चिठ्ठीवर फ्लूच्या लशीचं नाव, बोटाला धरलेलं पोर. काउंटरमागचा मुलगा फ्रीज उघडतो, लहानसं खोकं काढतो, वरच्या खणातून बर्फाचे चार खडे काढतो, सगळं एका पातळ पिशवीत घालून गाठ मारतो. दीड-दोन हजारांची लस दवाखान्याकडे निघते.

यात सगळ्यांचाच हेतू चांगला असतो. तरीही त्या गाठ मारलेल्या पिशवीत लस निकामी होऊ शकते, आणि तीही उन्हाने नव्हे तर काळजीने घातलेल्या त्याच बर्फाने. डीप फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो काचेच्या सिरिंजला थेट चिकटला की आतलं अर्धा मिलिलिटर द्रव गोठायला फार वेळ लागत नाही. फ्लूची लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये जपायची असते आणि एकदा गोठली की फेकून द्यायची असते. वितळल्यावर ती पहिल्यासारखीच दिसते. डॉक्टरांना कळत नाही, आईला कळत नाही, पोराच्या दंडाला तर नाहीच नाही. टोचल्याची नोंद कार्डावर होते. संरक्षण मात्र मिळालेलं नसतं.

आपल्याकडे औषधाच्या दुकानाची सुरक्षा म्हटलं की शटर, कुलूप, सीसीटीव्ही एवढंच डोळ्यांपुढे येतं. लशीच्या बाबतीत ती सुरक्षा फ्रीजपासून सुरू होते, बिलाच्या कागदातून जाते आणि काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसापाशी येऊन थांबते. या तिन्हींतलं एक जरी ढिलं पडलं तरी बाकीच्या दोन्हींचा उपयोग उरत नाही.

औरंगपुरा हे सगळं पाहायला चांगली जागा आहे. एका अंगाला सरस्वती भुवनच्या शाळा-महाविद्यालयांची गर्दी, जवळच भाजी मंडई, नाथ मंदिर, जिल्हा परिषद, वह्या-पुस्तकांची दुकानं. निराला बाजार आणि समर्थनगरच्या बाजूला दवाखान्यांच्या पाट्या, आणि दलालवाडीकडे औषधी भवन, जिथल्या घाऊक विक्रेत्यांकडून माल किरकोळ दुकानांत येतो. म्हणजे लशीचा घाऊक गाळा, किरकोळ काउंटर, टोचणारा डॉक्टर आणि टोचून घेणारं शाळकरी पोर, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. अंतर इतकं कमी असूनही साखळी तुटते, हे मला महत्त्वाचं वाटतं. साखळी किलोमीटरांमुळे तुटत नाही, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तुटते.

आधी हंगामाचं बोलू, कारण फ्लूची लस ही इतर लशींसारखी एकदा घेऊन विसरायची गोष्ट नाही. इन्फ्लुएंझाचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचा मसाला ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या हिवाळ्यासाठी. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण आपला फ्लू नकाशा पाहून येत नाही. महाराष्ट्रात त्याची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या आसपास येते आणि धाकटी लाट जानेवारी ते मार्चमध्ये. लस टोचल्यावर शरीराला तयारी करायला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा आपल्यासाठी सोयीची वेळ पावसाआधीची, एप्रिल-मेची, आणि त्या वेळी ताजी असते ती दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली लस. कोणत्या हंगामाची लस आहे ते खोक्यावर छापलेलं असतं. घेताना ते वाचावं. मागच्या हंगामाचा उरलेला माल मुदतीत असला तरी यंदाच्या विषाणूला तो ओळखेलच असं नाही.

इथेच आपल्या शहराची खरी अडचण सुरू होते. पावसाळी आजाराची लस वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दोन महिन्यांत विकायची आणि वाहायची आहे. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी दोन वाजता गुलमंडीपासून औरंगपुऱ्यापर्यंत स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या वस्तूचं काय होतं, ते चॉकलेट आणणाऱ्या कुणालाही विचारा. याच दिवसांत विजेची मागणी चढते, ट्रान्सफॉर्मर तापतात, वीज जाते. लशीला जेव्हा सर्वांत जास्त गारवा हवा, नेमका तेव्हाच तो पुरवणं सर्वांत कठीण.

ही लस सगळ्यांनाच हवी का, असं वाचक विचारतील. पाच वर्षांखालची मुलं, गर्भवती, साठी ओलांडलेले, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि रुग्णालयात काम करणारे, यांना फ्लू जड जातो. त्यांनी दरवर्षी घ्यावी, हे मी बिनदिक्कत म्हणेन. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यायला सांगते आणि लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. हजला निघणाऱ्या ज्येष्ठांनाही ती दिली जाते, आणि मराठवाड्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने यात्रेकरू निघतात. हाही लशीचा एक हंगामच. लस जादू करत नाही. लस आणि विषाणू यांचं चांगलं जुळलं त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याचा धोका चाळीस ते साठ टक्क्यांनी घटतो. पण दवाखान्यात दाखल व्हावं लागणं आणि अतिदक्षता विभाग यांच्याबाबतीत तो फरक घराघराला जाणवणारा असतो.

महाराष्ट्र हे सोसून शिकला आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एका शाळकरी मुलीचा. पुढचे आठवडे मास्कसाठी मेडिकलबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत राज्यभरातून घशाचे नमुने येऊ लागले. २०१० मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची नॅसोवॅक ही लस बाजारात आणली. २०१५ पासून राज्य सरकारने गर्भवती, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी अशा जोखमीच्या गटांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. तरी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही. त्यामुळे बहुतेकांसाठी तिचा रस्ता आजही मेडिकलमधूनच जातो.

आणि सरकारी रस्ता व मेडिकलचा रस्ता यांत फार फरक आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लस ठेवायला आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर असतो. त्याच्या भिंतींत बर्फाचं किंवा थंड पाण्याचं अस्तर असतं, झाकण वरून उघडतं. चोवीस तासांत जेमतेम आठ तास वीज मिळाली तरी तो आतला गारवा टिकवतो. वरून उघडणाऱ्या पेटीत थंड हवा तळाशी बसून राहते. आपल्या घरच्या उभ्या फ्रीजचं दार उघडलं की तीच थंड हवा पायांवर ओघळते. दिवसातून दोनदा तापमान लिहायचं, ही तिथली शिस्त. परिचारिका लशीची पेटी घेऊन वस्तीत निघते तेव्हा बर्फाच्या पिशव्या थेट भरत नाही. त्या बाहेर काढून ठेवते, घाम येऊ देते, मग एकेक कानाशी धरून हलवते. आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला, म्हणजे बर्फ सुटायला लागला आणि पिशवी शून्यावर आली. मगच ती पेटीत जाते. काउंटरवरच्या पिशवीत आणि या पेटीत फरक आहे तो एवढ्या खुळखुळ आवाजाचाच.

मेडिकलमध्ये बहुधा घरगुती फ्रीज असतो. तो वाईट नाही, पण त्याला सांभाळावं लागतं. दाराच्या कप्प्यांत लस ठेवायची नाही, कारण तिथे तापमान सगळ्यात जास्त हेलकावतं. मागच्या पत्र्याला किंवा बर्फाच्या खणाला टेकवायची नाही, तिथे ती गोठते. मधल्या फळीवर, खोक्यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडून ठेवायची. दारात आणि तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. त्यात दूध, डबा, थंड पेयं नकोत. खरा दोष दुधाचा नसतो, ते काढण्यासाठी दार दहा वेळा जास्त उघडलं जाण्याचा असतो. आत किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर हवा. आत्ताचा आकडा काय आहे एवढंच कळून भागत नाही, रात्री काय झालं तेही कळायला हवं.

आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे मेन स्विच. रात्री दुकान बंद करताना अपघात नको म्हणून मेन स्विच पाडून जायची सवय आपल्या बाजारपेठांत जुनी आहे. कापडाच्या दुकानाला ती शोभते. मेडिकलमध्ये त्या एका सवयीने रात्रभर फ्रीज बंद राहतो आणि सकाळी बटण टाकलं की तासाभरात थर्मामीटर पुन्हा शहाण्यासारखा पाच अंश दाखवतो. काळजी घेणारा दुकानदार फ्रीजची लाइन मेनच्या आधीच वेगळी काढून घेतो, त्या बटणावर जखमेची पांढरी चिकटपट्टी लावतो आणि पेनने लिहितो: बंद करू नये. मला विचाराल तर दुकानाची पारख करायची असेल तर पाटीवरच्या रोषणाईपेक्षा ही चिकटपट्टी शोधावी.

गारवा जपण्याची ही धडपड लशीइतकीच जुनी आहे. देवीची लस भारतात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. ती लस बगदाद-बसऱ्यामार्गे आली होती आणि बर्फ नव्हताच. वाळवून पाठवलेली लस उष्णतेत वारंवार वाया गेल्यावर उपाय एकच उरला होता: एका मुलाला टोचायचं, आठवड्याभरात त्याच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, आणि असं दंडामागून दंड पुढे सरकायचं. लेकरांचे दंड हीच तेव्हाची शीतसाखळी. ॲनाच्या दंडावरून ती पुढे मुंबईत आणि मुंबईतून देशभर गेली.

शंभर वर्षांनी दुसरा धडा मिळाला, तो स्वच्छतेचा आणि नोंदीचा. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आजची हाफकिन संस्था. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ही लस १०७ जणांना टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पुढच्या तपासात दिसलं की बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. हाफकिन यांची निर्दोष मुक्तता व्हायला काही वर्षं गेली. कोणती बाटली, कोणत्या तुकडीची, कुणी उघडली, कुणाला टोचली, हे लिहून ठेवणं ही कारकुनी नाही, हे त्या १९ जणांनी जीव देऊन सांगितलं. आज खोक्यावरच्या बॅच नंबराचं मोल तेच आहे.

आता कागदाकडे येऊ. किरकोळ मेडिकलच्या भिंतीवर चौकटीत लावलेले दोन परवाने पाहा: फॉर्म २० आणि फॉर्म २१. लस, सीरम, इन्सुलिन यांसारखी जैविक औषधं औषध नियमांच्या परिशिष्ट 'सी'मध्ये मोडतात आणि ती विकायला फॉर्म २१ चा परवाना लागतो. चिठ्ठीशिवाय लस द्यायची नाही, बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहायची, खरेदीचं बिल जपायचं. अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एफडीएचा निरीक्षक हेच पाहतो. बिल मागितल्यावर "पक्कं बिल कशाला, जीएसटी लागेल" असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून लस घेऊ नका. बिल ही तुमच्या लशीची वंशावळ आहे.

वंशावळ तुटली की काय होतं ते मुंबईने २०२१ मध्ये पाहिलं. ३० मे रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात कोविडच्या लशीचं खासगी शिबिर झालं, ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये देऊन लस घेतली. नंतर लोकांना शंका आली ती साध्या गोष्टींवरून: कुणालाच ताप नाही, अंगदुखी नाही, आणि प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने. पोलिसांचा तपास झाला आणि ते शिबिर बनावट ठरलं. तिथे खरीखुरी सोसायटी होती, खुर्च्या होत्या, टोचणारी माणसं होती, सिरिंज होती. नव्हती ती लस कुठून आली याची साखळी. त्याच वसंतात रेमडेसिव्हिरच्या कुप्यांचा काळाबाजार महाराष्ट्राने सोसला. २०२५ मध्ये रेबीजच्या अभयरॅब या नावाजलेल्या लशीची एक बनावट बॅच बाजारात आढळल्याचं उत्पादक कंपनीने जाहीर केलं. कुत्रा चावल्यावर घेतलेली लस खोटी निघणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मागणी अचानक वाढते तेव्हा खोटा माल येतो, हा नियम आहे, आणि हंगामी लशीची मागणी तर ठरवूनच अचानक वाढते. म्हणून दुकानदाराने हंगामात ओळखीच्या अधिकृत वितरकाशिवाय कुणाचा स्वस्त माल घेऊ नये. थर्माकोलचा खोका आला की आधी तो उघडावा, आतल्या जेलच्या पिशव्या अजून गार आहेत का पाहावं, थर्मामीटर असेल तर आकडा वाचावा आणि माल कोमट आला असेल तर तिथल्या तिथे परत करावा. कुरिअरवाल्याची घाई हा माल ठेवून घेण्याचा आधार होऊ शकत नाही.

बटण या शब्दाला आपल्या शहरात आणखी एक अर्थ आहे, आणि तो सांगताना जीवाला लागतं. झोपेच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्यांना नशेखोरांच्या भाषेत 'बटन' म्हणतात. नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारखी औषधं. पोलिसांनी असा साठा पकडल्याच्या बातम्या शहराला नव्या नाहीत. ही औषधं २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या परिशिष्ट 'एच-वन'मध्ये आहेत. त्यांची वेगळी नोंदवही लागते: चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या. ही वही तीन वर्षं जपायची. प्रामाणिक दुकानदाराला या गोळ्यांपायी धमक्या सोसाव्या लागतात, रात्री उशिरा काउंटरवर एकट्या असलेल्या मुलावर दबाव येतो. त्याच्यासाठी सीसीटीव्ही, दिवा, शेजाऱ्याचा फोन नंबर, कुलूपबंद कपाट आणि "मालक नाहीत, चिठ्ठी आणा" असं म्हणायची मुभा, हे सगळं आवश्यक आहे.

या गोळ्यांचा लशीशी काय संबंध? माणसाचा. गोळी कुणाला नाकारायची हे ठरवणारा आणि लस कशी द्यायची हे सांगणारा माणूस एकच: नोंदणीकृत फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध त्याच्याशिवाय कुणी देऊ नये. प्रत्यक्षात प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसऱ्याच नोकरीवर, हा प्रकार वर्षानुवर्षं चालला. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, फार्मासिस्ट दुकानात प्रत्यक्ष हजर हवा यासाठी राज्यभर मोहीम झाली. दुकानदारांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, बंद पाळले. त्यांच्या काही अडचणी खऱ्या होत्या: सकाळी नऊ ते रात्री दहा उघड्या राहणाऱ्या दुकानाला एक फार्मासिस्ट पुरत नाही, आणि लहान दुकानाला दोघांचा पगार झेपत नाही. पण मोहीम बरोबर होती, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रीज सांभाळायला, वही लिहायला आणि नाही म्हणायला जबाबदार माणूस लागतो, भाड्याने टांगलेला कागद नाही.

पुढचा प्रश्न सुईचा. इंग्लंडमध्ये २०१५ च्या सप्टेंबरपासून सरकारी आरोग्यसेवेतर्फे गल्लीतल्या फार्मसीत फ्लूची लस टोचून मिळते. अमेरिकेत आज सगळ्या राज्यांत फार्मासिस्ट लस टोचतात. पोर्तुगाल आणि आयर्लंडनेही हा रस्ता धरला. आपल्याकडे मेडिकल लस विकतं, टोचतो डॉक्टर किंवा परिचारिका. पण दार अगदी बंद नाही. २०२० च्या डिसेंबरात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कोविड लसीकरणाची कार्यपद्धती जाहीर केली, तिच्यात लस टोचणाऱ्यांच्या यादीत डॉक्टर, परिचारिका, एएनएम यांच्याबरोबर फार्मासिस्टही होता. संकटात ज्याला आपण पात्र मानलं, त्याला शांततेच्या काळात शिकवायला काय हरकत आहे? आपल्याच शहरात उस्मानपुऱ्याकडे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे, रोजा बागेत वाय. बी. चव्हाण फार्मसी कॉलेज आहे. दरवर्षी डी.फार्म., बी.फार्म. होऊन मुलंमुली बाहेर पडतात. त्यांना दंडाच्या स्नायूत सुई देणं शिकवणं अवघड नाही.

अवघड आहे ते सुईनंतरचं. लाखात एखाद्याला नाही, दहा लाखांत एखाद्याला लशीनंतर काही मिनिटांत तीव्र ॲलर्जीचा झटका येतो: अंगभर गांधी, श्वास कोंडणं, रक्तदाब कोसळणं. म्हणून टोचल्यावर पंधरा ते तीस मिनिटं बसवून ठेवतात. झटका आला तर मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, आणि लगोलग रुग्णालय गाठावं लागतं. औरंगपुऱ्यातून घाटी रुग्णालय दूर नाही, पण संध्याकाळच्या गर्दीत रिक्षाला लागणारा वेळ धरावाच लागतो. शिवाय कायद्याने किरकोळ मेडिकलला किमान दहा चौरस मीटर जागा पुरते. औरंगपुऱ्यातली बरीच दुकानं तेवढीच. त्यात रॅक, काउंटर, फ्रीज वजा केल्यावर खुर्ची टाकून पोराला अर्धा तास बसवायचं कुठे? वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हवी आणि तो डबा नोंदणीकृत कचरागाडीने न्यायला हवा. कचरावेचक बाईच्या बोटाला ती टोचली तर लशीने कमावलेलं सारं पुण्य गेलं.

म्हणून मला मधला रस्ता पटतो, आणि तो उद्यापासून सुरू करता येण्यासारखा आहे. मेडिकलने लस फक्त विकू नये, दवाखान्यापर्यंत सांभाळून पोचवावी. समर्थनगरच्या डॉक्टरांनी आठवड्याचे दोन ठरावीक वार नेमावेत, त्या संध्याकाळी फार्मासिस्टने थर्मामीटर लावलेल्या पेटीत दहा-बारा डोस दवाखान्यात न्यावेत, उरलेले त्याच पेटीत परत आणावेत आणि आकडे लिहावेत. दुकानाचा व्यवहार दुकानाकडे राहतो, पिशवीतला बर्फ टळतो, आईची धावपळ वाचते. हे सुरळीत चालवून दाखवणाऱ्या दुकानांना, जागा आणि प्रशिक्षण असेल तर, सुईची परवानगी द्यायला सरकारनेही मागेपुढे पाहू नये.

तोवर लस स्वतःच नेणाऱ्यांसाठी. आधी डॉक्टरांना फोन करा, ते बसले आहेत का आणि नंबर कधी लागेल ते विचारा. लस शेवटी घ्या. मंडई, वह्या, दप्तर सगळं आटोपल्यावर. घरातला रुंद तोंडाचा थर्मास किंवा डब्याची जाड पिशवी सोबत न्या. बर्फ घालायचाच तर तो पाणी सुटलेला असू द्या आणि लशीच्या खोक्यात व बर्फात चार घड्यांचा कागद किंवा रुमाल ठेवा. डिकीत टाकू नका, हातात धरा. दवाखान्यात पोचताच लस कंपाउंडरच्या हाती देऊन फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. टोचल्यावर खोक्यावरच्या बॅचचा कागद कार्डावर चिकटवून घ्या आणि पंधरा मिनिटं बाकावरच बसा. नंतर काही वेगळा त्रास झालाच तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

आणि काउंटरवर एक प्रश्न विचारा: "भाऊ, फ्रीजचा आकडा दाखवता का?" काही ठिकाणी हसतील, काही ठिकाणी रागावतील. पण एखाद्या दुकानात फार्मासिस्ट शांतपणे दार थोडंसं उघडून थर्मामीटर दाखवेल, शेजारी दोरीने बांधलेली वही उघडेल, त्यात सकाळचा आणि कालच्या रात्रीचा आकडा त्याच्याच अक्षरात असेल आणि वीज गेली त्या दुपारची वेळही लिहिलेली असेल. लस तिथून घ्या.